माझ्या पोटातली जाळी आणि शकुंतलेकडचा डबा

लाईट गेली तेव्हा

गिरणी चालवणाऱ्या बाईला हळू बोलता येत नाही. पट्टा फिरायला लागला की शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं. वीस वर्षं तसं ओरडल्यावर तो गळा घरात, लग्नात, देवळात, सगळीकडे तसाच राहतो. त्या दिवशी भोकरदनला आमच्या गिरणीवर ज्वारीचं दळण चालू होतं. कौशाबाई म्हणून माझी नेहमीची गिऱ्हाईक, ती कानाशी येऊन विचारायला लागली, "काहून अशी वाकून चालून राह्यली?"

मी सगळा जीव लावून ओरडले, "अगं, अंग बाहेर येतंय माझं!"

आणि पहिल्याच शब्दाला लाईट गेली.

गिरणी थांबली, पण मी थोडीच थांबणार. रांगेत चार बाया होत्या, दोन गडी होते, समोर पानटपरीवर आणखी पाच-सहा जण. सगळ्यांनी ऐकलं. दोघांपैकी एका गड्याने डबा तिथेच ठेवला आणि जो गेला तो गेलाच. त्याचं पीठ दुसऱ्या दिवशी त्याची बायको घेऊन गेली. जाताना हळूच म्हणाली, "मावशी, मला बी तसंच होतंय." मग तिसऱ्या दिवशी आणखी एक आली.

तेव्हा आता लाजायचं काही राहिलं नाही. ज्या बायांचं अजून कुणालाच कळलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते. औषधांची नावं मला विचारू नका, ती मला येत नाहीत.

काढायला गेले

तीन बाळंतपणं आणि वीस वर्षं दळणाचे डबे उचलून वर ओतायचं काम. अंग बाहेर यायचं, खोकलं की लघवी, शिंकलं की लघवी, हसायचं तर आधी भिंत धरायची. लाईट गेली त्याच आठवड्यात जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाकू. आमच्याकडे पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालंय. प्रत्येक गल्लीत पाच-सहा जणींची काढलेली असते, त्यामुळे मीही फार विचार केला नाही.

फॉर्मवर सही मालकांनी केली. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, कशाचा मालक ते विचारायचं नसतं. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. जन्मभर लोकांना "तिकिटावरचं वाचून घ्या, मागून तक्रार चालणार नाही" म्हणून सांगणाऱ्या माणसाने तो चार पानी फॉर्म न वाचता सही केली. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "इंग्रजीत होता. अन् ती सिस्टर जल्दी करा, जल्दी करा म्हणत होती."

दवाखान्यात माझ्यासोबत राहिली ती शकुंतला. माझी धाकटी जाऊ. जुन्या जालन्यात राहते, दीरांचं कापडाचं दुकान आहे. आठवडाभर ती घरून कडीच्या डब्यात खिचडी आणायची. डबा माझाच होता, भोकरदनहून नेलेला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात डब्यांची अदलाबदल झाली. आमच्या डब्यात भेंडी निघाली आणि आमची खिचडी बाजूच्या बाळंतिणीने खाऊनही टाकली. शकुंतलेला फार लागलं ते. गिरणीवाल्यांच्या घरात डबा बदलणं म्हणजे केवढी नाचक्की! आमच्या घरात प्रत्येक डब्याला खूण असते. कुठे दोरा बांधलेला, कुठे ठोकून नाव घातलेलं, कुठे नेलपॉलिशचा ठिपका.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना थिएटरमधली मावशी बाहेर आली आणि एक रिकामा खोका शकुंतलेच्या हातात दिला. "हे वापरलं बघा, नंतर वापरलं न्हाई म्हणू नका." मालक औषधं आणायला खाली गेले होते. खोक्यात पांढरी स्टिकरं होती, इंग्रजी अक्षरं आणि नंबर असलेली. शकुंतलेने एक काढलं, डब्याच्या बुडाला चिकटवलं आणि खोका फेकून दिला. मी शुद्धीवर आल्यावर तिने मला मोठ्या कौतुकाने डबा उलटा करून दाखवला होता. "खूण केली अक्का. आता बघतेच कोण नेतंय."

शेवटच्या दिवशी डबा तिच्याकडेच राहिला. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. लाडू, चिवडा, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. "दिवाळीला भरून आणते," ती म्हणाली.

सगळे म्हणाले मनाचं आहे

दिवाळी आली, डबा आला नाही, कारण तोवर आमचं बोलणं बंद झालं होतं. ते असं झालं.

ऑपरेशन झालं आणि माझी लघवी गळायची थांबली, पण दुखणं चालू झालं. बसलं की आत काहीतरी टोचायचं. कपड्याला रोज डाग. डॉक्टरला दाखवलं तर म्हणाले, टाके आहेत, विरघळतील. सहा महिन्यांनी म्हणाले, गॅस आहे. वर्षाने म्हणाले, ताई, तुम्ही फार विचार करता. पुण्याहून पोराने फोनवर सांगितलं, "आई, योगा कर." मी म्हटलं, "बाबा, मला बसता येत न्हाई, तू मला पद्मासन सांगून राह्यला?"

मग मी माझा इलाज शोधला. डोक्यावर ओझं घेताना कापड गुंडाळून गोल चुंबळ करतात ना, ती मी बुडाखाली घेतली. जुन्या सुती लुगड्याची, मधे भोक ठेवून. गिरणीत चुंबळ, जेवताना चुंबळ, एसटीत चुंबळ. पन्नास वर्षं डोक्यावर मिरवलेली वस्तू खाली गेली, पण काय आराम दिला तिने! ज्यांना असा त्रास आहे त्यांनी आजच करून घ्या.

नवरा-बायकोतलं सांगू नये, पण सांगते, कारण हेच कुणी सांगत नाही. मालकांनाही टोचलं. एकदम "ओय" करून उठले. त्यांना वाटलं त्यांचंच काही बिघडलंय. बिचारे मला न सांगता सिल्लोडला जाऊन एका डॉक्टरला दाखवून आले. भोकरदनला दाखवलं असतं तर गाव हसलं असतं ना. त्या डॉक्टरने त्यांना शक्तीच्या गोळ्या दिल्या. महिनाभर मी टोचण सोसतेय आणि हे गोळ्या खाऊन राह्यलेत, अशी आमची गंमत चालू होती. नंतर ते दुसऱ्या खोलीत झोपायला लागले आणि मला वाटलं, संपलं आता सगळं. त्याचं मला रडू यायचं, ते मी पट्ट्याच्या आवाजात उरकून घ्यायची.

अशात एका बारशाला शकुंतला चार बायांत बोलली. "अक्काला काही झालं न्हाई. गिरणीवर बसायचा कंटाळा, दुसरं काय." माझ्या पाठीमागेच बोलली, आणि मी खरोखरच तिच्या पाठीमागे उभी होते, हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन. मी वाटी खाली ठेवली आणि निघून आले. बोलणं बंद.

आता डब्याचं काय होतं बघा. तिने रिकामा पाठवला तर अपमान तिचाच. भरून पाठवला तर तिने हार मानली. मी मागितला तर मी हार मानली. त्यामुळे तो डबा दीड वर्ष तिच्या मांडणीवर बसून राहिला.

कशाची जाळी?

शेवटी कौशाबाईने हाताला धरून मला संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने तपासलं, हात धुतले आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुम्हाला आत जाळी बसवलीय, माहितीये का?"

"कशाची जाळी?"

"प्लॅस्टिकसारख्या धाग्याची असते. आतल्या अवयवांना आधार द्यायला बसवतात."

मी म्हटलं, "मॅडम, मी तर पिशवी काढायला गेल्ते. काढायला सांगितलं होतं, आत घालायला कुणी सांगितलं?"

तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं. मग तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. जाळी सरकली होती आणि तिची कड मांसातून बाहेर आली होती. तीच टोचत होती, मला आणि मालकांना.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला आधी आनंद झाला. खरं सांगते, आनंदच. म्हणजे मी खोटी नव्हते! गॅस नव्हता, मन नव्हतं, गिरणीचा कंटाळा नव्हता. मग पाच मिनिटांनी असा संताप आला की मी बाकावर मूठ आपटली. माझ्या अंगात दोन वर्षं कुणाची तरी वस्तू पडून होती आणि मला सोडून त्या दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. कौशाबाईने पाणी दिलं. मी मालकांना फोन लावला आणि म्हटलं, "त्या गोळ्या बंद करा. तुमच्यात काही खोट न्हाई."

 ते म्हणाले, "आज चुंबळीशिवाय एसटीत बसू नको. म्या घ्यायला येतो."

वॉर्डात

जाळी एका झटक्यात निघत नाही. कुंपणाच्या जाळीत वेल गुंतला की जाळी ओढताना वेल तुटतो, तसं माझं मांस तिच्यात गुंतलं होतं. दोन ऑपरेशनं झाली. थोडी अजून आत आहे, ती आता माझ्याबरोबरच जाईल.

सरकारी वॉर्डात भीती वाटायला वेळ मिळत नाही. पहाटे झाडू, मग चहा, मग साहेब, आणि साहेबांच्या मागे दहा-बारा शिकाऊ पोरंपोरी. पहिल्या दिवशी मी तोंडावर पदर घेतला. तिसऱ्या दिवशी मीच सांगायला लागले, "मागच्यांना दिसतंय का? पुढचे जरा बाजूला व्हा." एक पोरगी जाताना रोज माझा पदर नीट करून जायची. एवढंच करायची, पण मला ते दिवसभर पुरायचं.

ऑपरेशनला नेताना मात्र मी मालकांचा हात सोडेना. म्हटलं, "ह्या बारीनं फॉर्म वाचला का?" म्हणाले, "दोनदा वाचला. एकदा मोठ्यानं." ते खरं होतं. अख्ख्या वॉर्डाने ऐकला होता.

चोराच्या उलट्या बोंबा

घरी आल्यावर मी ठरवलं, तक्रार करायची. पैसा मिळाला तर कोण नको म्हणतंय. पण मला पाहिजे होतं ते एवढंच, की त्या दवाखान्याने लिहून द्यावं, आम्ही हिला न विचारता जाळी बसवली. कौशाबाईची पुतणी जालन्यात वकील आहे, तिने ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दवाखान्याचं उत्तर आलं. वकीलबाईने वाचून दाखवलं, "आम्ही फक्त पिशवी काढली. जाळी बसवलीच नाही. रुग्णाने ती अन्य ठिकाणी बसवून घेतली असावी."

मी म्हटलं, "अन्य ठिकाणी? बांगड्या भरायला गेल्यासारखी मी जाळ्या भरत फिरून राह्यले का?"

वकीलबाई म्हणाली, "मावशी, तुमच्या डिस्चार्ज कार्डावर जाळीचा शब्दच न्हाई. केसपेपर ते म्हणतात सापडत न्हाई. मेडिकलचं बिल असेल ना?"

बिल होतं. मालकांनी अभिमानाने फाईल उघडली. मालकांना एक सवय आहे. महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेशन. आधार, रेशनकार्ड, पोराची मार्कलिस्ट, नसबंदीचा दाखला, सगळं प्लॅस्टिकमध्ये. आणि मेडिकलचं बिल होतं त्या गुळगुळीत कागदावरचं, मशीनमधून गरमगरम निघतं ते. लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातल्या घातल्या ते पुरं काळं झालं. आमच्या फाईलमध्ये एक काळाकुट्ट कागद होता, चारही बाजूंनी पक्का बंद.

वकीलबाईने तो उजेडाला धरला. मालक म्हणाले, "पाणी लागलं तरी काही होणार न्हाई त्याला."

मी फाईल बंद केली. गिरणीवाल्या बाईच्या घरात आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

शकुंतला

पंधरा दिवस तसेच गेले. मग एक दिवस गिरणीवर नवीन लग्न झालेली एक पोरगी तिच्या डब्यावरचं दुकानाचं स्टिकर नखाने खरवडत बसली होती. "निघतच न्हाई हो मावशी, चार महिने झाले." मी म्हटलं, निघणार नाही, माणूस जाईल पण स्टीलच्या भांड्यावरचं स्टिकर जाणार नाही. आणि बोलता बोलता माझा हात तसाच राहिला.

मी गिरणी बंद केली, अर्धं दळण तसंच ठेवून. चुंबळ घेतली आणि जालन्याची गाडी धरली. बसमध्ये सारखं एकच वाटत होतं, हिने डबा कुणाला देऊन टाकला असेल तर? मोडीत घातला असेल तर? माझं खरंखोटं त्या बुडावर चिकटलेलं होतं, आणि ते अशा बाईकडे होतं जिच्याशी मी दीड वर्ष बोललेले नव्हते.

शकुंतलेने दार उघडलं. आधी माझ्या काखेतल्या चुंबळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "डबा दे माझा."

ती आत गेली. मला मांडणीवरचा आवाज आला, मग नळाचा.  मी गिरणीच्या गळ्याने ओरडले, "घासू नको! काही घालू नको! तसाच दे!"

ती भांडं आपटून बाहेर आली. "का? माझ्या घरचा हात लागला तर बाटतो का तुमचा डबा? घासू बी नको?"

"शकुंतला, बुड दाखव आधी."

तिने डबा उलटा केला. स्टिकर होतं! एक कोपरा गेलेला, भोवतीचं स्टील घासून घासून पांढरं पडलेलं, पण अक्षरं आणि नंबर जसेच्या तसे. मी तिथेच चुंबळ टाकून खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. जाळी, दोन ऑपरेशनं, दवाखान्याचं उत्तर. खोका तिच्याच हातात दिला होता, आणि हे स्टिकर त्या जाळीचंच असणार, हेही.

ती डबा मांडीवर घेऊन बसली.  मग रडायलाच लागली.

"अक्का, त्या दवाखान्यानं मला बी पिशवी काढायला सांगितलंय. तुमचं झालं अन् दोन महिन्यांनी. माझं बी अंग येतंय." पदराने नाक पुसलं. "तुम्हाला खरंच तकलीफ असंल तर माझं काय होईल, ह्याचं भ्या वाटायचं. मंग मी म्हणायची, काही न्हाई झालं अक्काला. चार जणींना सांगितलं की मला बी खरं वाटायचं. तारीख चारदा पुढं ढकलली."

मला तिचा राग यायला पाहिजे होता. दीड वर्ष मी तो राग राखून ठेवला होता. पण ती बसली होती ती एका बाजूला कलून, मी बसते तशीच. मी माझी चुंबळ तिच्याकडे सरकवली.

"घे. आधी बस नीट. अन् त्या दवाखान्यात जायचं न्हाई. जिथं जाशील तिथं इचारायचं, काय काढणार अन् काय घालणार. मराठीत सांगा म्हणायचं. मी येते संगं."

निघताना तिने डबा पिशवीत घालून दिला. गाडीत मी उघडून बघितला. आत चमचाभर साखर होती.

डबा जमा

वकीलबाईने त्या नंबरवरून जाळीच्या कंपनीला पत्र पाठवलं. ती जाळी कुणाला विकली, हे विकणाऱ्याला सांगावं लागलं, आणि ती त्याच दवाखान्याच्या मेडिकलला विकलेली निघाली. आयोगात तारीख लागली तेव्हा मी, मालक आणि शकुंतला तिघेही एसटीने गेलो. आता आमच्याकडे दोन चुंबळी होत्या.

समोरच्या वकिलाने शकुंतलेला विचारलं, "हे स्टिकर तुम्ही केस टाकल्यावर चिकटवलं नाही कशावरून?"

शकुंतला म्हणाली, "साहेब, तुम्ही घरी भांडे घासता का?"

"त्याचा काय संबंध?"

"घासले असते तर इचारलं नसतं. भोवतालचं स्टील बघा. दोन-अडीच वर्षं मांडणीवरच्या भांड्यांसंगं काथ्या लावून राह्यले मी. काथे झिजले, हे गेलं न्हाई."

आयोगावर एक बाई होत्या. त्यांनी डबा मागून घेतला, बुडावरून बोट फिरवलं, स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावून बघितलं आणि डबा पुढे सरकवला. त्यांच्या घरचीही भांडी मला त्या चेहऱ्यावर दिसली.

पुढच्या तारखेला दवाखान्याचं म्हणणं बदललं. आता ते म्हणतात, जाळी बसवली होती, पण रुग्णाला तोंडी कल्पना दिली होती. म्हणजे बसवली, हे कबूल. तो कागद मी मागून घेतला. मालक लॅमिनेशनला न्यायला निघाले होते, तो मी ब्लाऊजमध्ये ठेवला.

निकाल अजून बाकी आहे. दुखणं अर्धं गेलंय, अर्धं आहे. मालक परत माझ्याच खोलीत झोपतात आणि घोरतात. शकुंतलेचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं, जाळीशिवाय. फॉर्म मालकांनी वाचला, मोठ्यानेच.

डबा मात्र आयोगात अडकलाय. तिथल्या क्लार्कने तो जमा करून घेताना वहीत लिहिलं, "स्टीलचा डबा एक, कडीसह, बुडावर स्टिकर." मग झाकण उघडून मला विचारलं, "मावशी, आत साखर आहे. ती काढून घेता का?"

मी म्हटलं, "राहू द्या. आम्ही रिकामा डबा देत न्हाई कुणाला." आणि गिरणीच्या गळ्याने बोलले असणार, कारण आतली सगळी माणसं वळून बघायला लागली. "अन् साहेब, निकाल लागला की डबा परत करताल ना? तुम्ही बी रिकामा पाठवू नका."